टिरिकांची काठी

मित्रांनो, काठी म्हटली की तुम्हाला मार आठवत असेल. मी मात्र कधी कोणाला मारलेले नाही. मार खाण्यासाठीच माझी काठी झाली, आणि मार खातच मी म्हातारी झाले. माझ्या डोक्यावर बुचाचा एक गोळा बसवला आहे. त्यावर इतक्या चोची बसल्या आहेत की बोट फिरवले तर खड्ड्यांशिवाय काही लागत नाही. आयुष्यभराची माझी कमाई म्हणाल तर हे खड्डे.

मी सुल्से बेटावर उभी आहे. दूर उत्तरेच्या समुद्रातल्या शेटलंडच्या बेटांमधले हे एक लहानसे बेट, समुद्रपक्ष्यांसाठी राखून ठेवलेले. इथे झाड नाही. एकही नाही. त्यामुळे इथल्या प्रत्येक लाकडाला समुद्र ओलांडून यावे लागते. मी नॉर्वेहून आले. तिथल्या डोंगरावर मी पाइनचे झाड होते, एवढेच पुसट आठवते. मग करवत, मग जहाज, आणि मग गिबी नावाच्या कोळ्याच्या अंगणात माझे वल्हे झाले.

वल्हे म्हणून मी बरीच वर्षे काढली. गिबीचे तळहात माझ्या अंगावर गुळगुळीत खाच पाडून गेले. एका वाऱ्याच्या दिवशी तो होडी सुल्सेच्या धक्क्याला लावत होता. मागून लाट आली. होडी खडकावर आपटू नये म्हणून गिबीने मला खडकाला टेकवले आणि सारा जोर लावला. होडी वाचली, मी मोडले. पाते पाण्याबरोबर गेले, दांडा गिबीच्या हातात राहिला.

"चुलीत घाल," असे म्हणून त्याने मला आपल्या मुलाकडे, लाउरीकडे फेकले.

माझे आयुष्य तिथेच संपायचे. पण त्या होडीत ऑस्ला होती. ती बेटाची नवी राखणदार. लाउरीच्या वर्गातली मुलगी, आता पक्षी जपणाऱ्या संस्थेने तिला इथे नजर ठेवायला नेमले होते. उन्हाळाभर ती बेटावरच राहणार होती. तिने हातात सामानाची पेटी घेतली, धक्क्यावर पाय ठेवला, वाटेवर चार पावले टाकली, आणि आभाळच तिच्यावर तुटून पडले.

ते टिरिक होते. सुरय जातीचे पक्षी; पांढरे, काळ्या टोपीचे, लाल चोचीचे, शेपटीला लांब दुहेरी टोक. ते दिवसभर स्वतःचेच नाव ओरडत असतात, म्हणून इथले लोक त्यांना टिरिक म्हणतात. तुमच्या ओंजळीत मावेल एवढा जीव, पण आपल्या अंड्यांजवळ कोणी आले की तो बैलालाही पळवून लावील. ऑस्लाच्या भांगातून रक्ताची बारीक धार कपाळावर आली. तिने पेटी टाकली, मागे फिरून लाउरीच्या हातातून मला हिसकावले आणि डोक्याच्या वर उभे धरले.

टिरिकांचा स्वभाव असा की जे सर्वांत उंच असेल त्यावर चोच मारायची. त्यांनी ऑस्लाचे डोके सोडले आणि माझ्या टोकावर धाड घातली. टक. टक. टक. माझ्या आयुष्यातला तो पहिला मार.

लाउरी धक्क्यावर बसून पोट धरून हसत होता. "अगं, पाखरं राखायला आलीस की लढाईला निघालीस?"

"हसतोस काय? ये ना वर. मग बघते तुझं शौर्य."

लाउरी गेला. एका टिरिकने त्याची लोकरीची टोपी उडवली, दुसऱ्याने कानाची पाळी फोडली. तो खाली वाकून, दोन्ही हातांनी डोके झाकून परत धावत आला.

"दे ती काठी इकडे," तो म्हणाला.

"कशाला? तुम्ही बापलेक तिला चुलीत घालणार होतात ना?"

त्या दिवसापासून मी ऑस्लाची झाले. पुढच्या फेरीला लाउरीने मला तासून सारखे केले, धरायच्या जागी दोर गुंडाळला, आणि जाळे तरंगत ठेवायला लावतात तो बुचाचा गोळा माझ्या डोक्यावर खिळ्याने ठोकला. "पाखरांच्या चोचींना त्रास नको," असे म्हणून तो गेला. त्याला स्वतःच्या कानाची काळजी जास्त असावी.

मग लाउरी आपल्या होडीतून माणसे आणू लागला. कोणी रंगीत चोचीचे पफिन पक्षी पाहायला येई, कोणी टिरिक. धक्क्यावर एक लाकडी पिंप ठेवले गेले आणि त्यात माझ्यासारख्या काठ्या: मोडक्या झाडूंच्या, जुन्या शिडाच्या, समुद्राने आणून टाकलेल्या. येणाऱ्याने एक काठी घ्यायची, डोक्यावर उभी धरायची, वाटेवरून एका ओळीत चालायचे, आणि जाताना काठी पिंपात ठेवून जायचे. सुल्सेचा हा रिवाज साऱ्या शेटलंडमध्ये ठाऊक झाला.

लाउरी प्रत्येकाला सांगे, "काठी वर धरा हो. खाली धरलीत तर घरी जाऊन आरशात भोकं शोधत बसाल."

एकदा एका बाईंनी घाबरून विचारले, "ही पाखरं चावतात का?"

"चावत नाहीत, बाई," लाउरी म्हणाला. "फक्त आपलं मत मांडतात."

सगळ्या काठ्यांमध्ये मी उंच, म्हणून टिरिकांचा राग आधी माझ्यावर निघे. मला वाईट वाटत नसे. उलट मोठा अभिमान वाटे. ओळीच्या पुढे ऑस्ला, तिच्या हातात मी, माझ्यावर पांढऱ्या पंखांची गर्दी, आणि मागून येणाऱ्या माणसांची डोकी शाबूत. मुले हसत, ओरडत, पुन्हा पुन्हा वाटेवरून जायला मागत. फोटो काढणारे म्हणत, त्या जुन्या काठीचा फोटो घ्या. माझ्या अंगावर विष्ठेचे पांढरे ओघळ असत. संध्याकाळी ऑस्ला मला समुद्राच्या पाण्याने धुऊन दाराशी उभी करी.

ऑगस्टमध्ये टिरिक जात. कुठे, तर पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे तेव्हा उन्हाळा सुरू व्हायचा असतो. ऑस्ला मला जवसाचे तेल चोळी, झोपडीच्या दाराआड ठेवी आणि दार ओढून आपल्या गावी जाई. हिवाळाभर मी वादळे ऐकत अंधारात उभी असे.

आणि मग मे महिना. ऑस्ला येई, झोपडीचे दार उघडी, आणि रोज सकाळी मला घेऊन वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राही. मला डोक्यावर उंच धरून. टिरिक एकाच दिवशी सगळे येत नसत. आधी एक ठिपका, मग दोन, मग पांढरा ढग. पण ती पहिल्याची वाट पाही. तो खाली येई, घिरटी घाली, आणि माझ्या डोक्यावर टक. एवढे हजारो कोस उडून आल्यावर त्याचे पहिले काम हे.

"आलास?" ती म्हणे. बस, एवढेच. पण मी तिच्या मुठीत असे, त्यामुळे त्या शब्दासरशी ती मूठ किती घट्ट होई ते मला कळे.

त्या दिवशी लाउरी घरून तव्यावरची गरम बॅनक भाकरी लोण्यात बुडवून, फडक्यात गुंडाळून आणी. दोघे धक्क्यावर बसून खात. टिरिकांचे आगमन म्हणजे त्या दोघांचा सण होता.

"आता झालं तुझं नवं वर्ष सुरू, मालकीणबाई," लाउरी म्हणे.

"तुझं नाही झालं? मग भाकरी परत ने."

"भाकरी माझ्या बायकोनं केलीय. ती परत नेली तर माझं जुनं वर्षसुद्धा संपेल."

अशी वर्षे गेली. ऑस्लाचे केस पांढरे झाले, लाउरीचे गेले. माझ्या बुचाच्या गोळ्यावर जुन्या खड्ड्यांत नवे खड्डे पडत राहिले. जुना खड्डा काळसर असतो, ताजी टोच फिकट पिवळी दिसते. ऑस्ला अंगठा फिरवून या वर्षीची टोच कोणती ते सांगू शके.

दोन गोष्टी इथेच सांगून ठेवते, म्हणजे पुढचे तुम्हाला नीट समजेल.

पहिली अशी. टिरिकांची वस्ती म्हणजे अखंड कल्ला. पण कधी कधी, काही कारण दिसत नसता, सारी वस्ती एकदम गप्प होते. एकही आवाज नाही. मग सगळे पक्षी एका झटक्यात उठतात, जमिनीलगत समुद्राकडे झेपावतात, पाण्यावर एक मोठे वळण घेतात आणि परत येऊन पुन्हा ओरडू लागतात. नवख्या माणसाच्या छातीत धस्स होते. ऑस्ला त्यांना सांगे, "घाबरू नका. येतात परत."

दुसरी गोष्ट बेटाच्या उत्तरेच्या सुळक्याची. तिथे काळ्या पाठीचे मोठे कुरव राहतात. एवढाले पक्षी, कोंबडीपेक्षा मोठे, पिवळी जाड चोच. ते टिरिकांच्या वस्तीकडे फारसे फिरकत नसत. वाटेवर दिवसभर माणसांची ये-जा असे, वर काठ्यांची टोके हलत असत. ते का फिरकत नसत, असे कधी कोणी विचारले नाही. जे घडतच नाही, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाते?

आता त्या दिवसाकडे येते.

ती जुलैची दुपार होती. होडी भरून माणसे आली होती. टिरिकांची पिल्ले तेव्हा घरट्यातून उठून वाटेच्या कडेला, अगदी वाटेवरही येऊन बसतात. त्यांचा रंग खडीसारखा, त्यामुळे शेजारी बसलेले पिल्लूही दिसत नाही. ऑस्ला पुढे चालत प्रत्येक पिल्लू दाखवत होती. ओळीत एक वृद्ध गृहस्थ होते, फार सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी आपल्या बायकोचा फोटो घेण्यासाठी एक पाऊल मागे टाकले.

टाचेखाली आलेले पिल्लू ओरडलेसुद्धा नाही.

त्या गृहस्थांच्या हातून काठी पडली. ते वाटेवरच बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. टिरिक त्यांच्या उघड्या डोक्यावर चोची मारत होते, तरी त्यांनी हात वर केला नाही. ऑस्लाने मला त्यांच्या डोक्यावर धरले आणि दुसऱ्या हाताने ते पिल्लू उचलले. मुठीत मावेल एवढे ऊबदार काहीतरी.

माणसे होडीत बसल्यावर ती लाउरीला म्हणाली, "पुढच्या वर्षी नको."

"काय नको?"

"माणसं. कोणीच नको. आपण त्यांच्या घरातून चालतो, लाउरी. रोज त्यांच्या उशापायथ्याशी बूट आपटत जातो, आणि वर म्हणतो, बघा कशी रागावतात. रागावतील नाही तर काय करतील?"

लाउरीने पिंपातल्या काठ्या सारख्या केल्या. बराच वेळ लावला. "मी मासे धरीन," तो म्हणाला. "तुला पटतंय ना? मलाही पटतंय."

मित्रांनो, सगळ्यांनाच पटले. संस्थेने मान डोलावली. गावच्या शाळेतल्या मुलांनी पाटी रंगवून दिली: शांतता, इथे पिल्ले मोठी होत आहेत. चर्चमधून बाहेर पडणारी माणसे ऑस्लाचा हात हातात घेऊन म्हणत, चांगले केलेस. मीही म्हटले असते, मला बोलता आले असते तर. इतक्या मायेने घेतलेला निर्णय चुकीचा असेल असे कोणाच्या मनात येणार?

पुढच्या मे महिन्यात ऑस्लाने पहिली टोच घेतली, भाकरी खाल्ली, आणि मग मला वाटेच्या तोंडाशी जमिनीत रोवले. माझ्या कमरेला दोर बांधून वाट बंद केली, पाटी लावली. पिंपातल्या काठ्या उलट्या करून ठेवल्या. ती स्वतः बेटाच्या दक्षिणेला, आपल्या झोपडीतच राहिली. मधे टेकाड आहे. तिथून ही वस्ती दिसत नाही. लाउरीही सामान घेऊन दक्षिणेच्या खाडीतूनच येई. "माझी सावलीसुद्धा त्यांच्यावर नको," असे ती जाता जाता म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर तळहात ठेवून गेली.

सुरुवातीचे दिवस किती सुंदर होते. दुरून आलेला टिरिक माझ्या डोक्यावर चोच मारी, मग थांबे, मान वाकडी करून पाही, आणि एके दिवशी एक जण चक्क माझ्यावर बसला. मित्रांनो, इतक्या वर्षांत त्यांनी मला फक्त मारले होते. त्याचे इवलेसे लाल पाय माझ्या बुचावर टेकले तेव्हा मला काय वाटले, ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. माझ्या मुळाशी एका मादीने दोन अंडी घातली. मी वाऱ्यात हलू नये म्हणून जीव मुठीत धरून उभी राहत असे. मला वाटले, ऑस्लाचेच बरोबर होते.

मग एका सकाळी उत्तरेच्या सुळक्यावरून एक कुरव आला.

तो घाईत नव्हता. वस्तीवरून एकदा गेला, पुन्हा आला. टिरिक त्याच्यावर तुटून पडले, चोची मारल्या, पिसे उपटली. त्याने एक अंडे उचलले आणि गेला. दुसऱ्या दिवशी दोघे आले. मग त्यांनी सुळक्यावरच्या बाकीच्यांना जणू सांगितले. ते वाटेवर उतरून चालू लागले, आमच्याच वाटेवर, जिथून इतकी वर्षे माणसे काठ्या धरून चालली होती. पिल्ले बाहेर आली होती. खडीसारखा रंग माणसांना फसवतो, कुरवांना नाही.

टिरिक ओरडत होते. जीव तोडून ओरडत होते. आणि हे मला पुढे लाउरीच्या तोंडून कळले: तो आवाज टेकाडापलीकडे झोपडीपर्यंत जात होता, आणि दारात बसून लोकरीचा मोजा विणता विणता ऑस्ला हसून म्हणाली होती, "ऐकलास कल्ला? यंदा किती खूश आहेत बघ."

माझ्या मुळाशी बसलेली मादी शेवटपर्यंत हलली नाही. दोन्ही अंडी गेली तरी ती त्या रिकाम्या खळग्यावर बसून होती. मी काठी होते. मारायला कोणाचा तरी हात लागतो. माझ्याभोवती फक्त दोर होता.

त्यानंतरच्या एका दुपारी सारी वस्ती एकदम गप्प झाली.

सगळे उठले. जमिनीलगत समुद्राकडे गेले. पाण्यावर मोठे वळण घेतले. मी वाट पाहू लागले, कारण ते येतात परत. ते वर चढले, लहान झाले, ठिपके झाले. मग आभाळ नुसते आभाळ राहिले.

टेकाडापलीकडे ऑस्लाही थांबली असेल. नेहमीची शांतता आहे, आत्ता ओरडतील, असे वाटून सुया हातात धरून बसली असेल. बऱ्याच वेळाने ती टेकाडावर दिसली. धावत येत होती. त्या वयात, त्या खडकांवरून. दोर ओलांडताना पाय अडकून गुडघ्यावर पडली, उठली, वाटेच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. हातात काठी नाही, डोक्यावर टोपी नाही. तिने सवयीने दोन्ही हात डोक्यावर धरले होते.

काहीही तिच्या डोक्याला लागले नाही.

तिने हात हळूहळू खाली घेतले. वाटेवर कवचांचे तुकडे होते, इवलेसे पंख होते. दोन कुरव सावकाश चालत बाजूला झाले. ती तिथेच उभी राहिली, मान वर करून, डोके उघडे ठेवून. कोणीतरी येऊन मारावे म्हणून.

लाउरी आला तेव्हाही ती तिथेच होती. त्याने सारे पाहिले. टोपी काढून हातात घेतली.

"मी त्यांना एकटं सोडलं," ती म्हणाली.

"आपण सोडलं."

"मला वाटायचं, आपला त्रास होतो त्यांना."

"व्हायचाच की," लाउरी म्हणाला. "पण आपण असायचो म्हणून ते दुसरे यायचे नाहीत. तुझ्या ध्यानात आलं नाही, तसं माझ्याही नाही आलं. चल आत. चहा पिऊ."

"नको."

"बरं. मग मीही इथेच बसतो."

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात ऑस्लाने मला धुतले, तेल लावले आणि वाटेच्या तोंडाशी उंच धरून उभी राहिली. लाउरीने भाकरी आणली. सकाळ गेली. भाकरीवरचे लोणी थिजून पांढरे झाले. तिने हात बदलला, मला पुन्हा उंच धरले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जून लागला तेव्हा लाउरी म्हणाला, "दमली असशील. दे, थोडा वेळ मी धरतो." तिने दिली नाही.

तिने दोर काढून टाकला. पाटी उतरवली. लाउरी पुन्हा माणसे आणू लागला, पफिन पाहायला. धक्क्यावर पिंप तसेच होते, आणि ऑस्ला प्रत्येकाच्या हातात काठी देई.

एक तरुण पाहुणा हसून म्हणाला, "वर तर काहीच नाही. मग काठ्या कशाला?"

"धर," लाउरी म्हणाला. त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "पाहुणे यायचे असले की घर झाडून ठेवतात ना? तसं समज. खालून माणसं हलत राहिली तर कुरव उतरणार नाहीत. जागा राखून ठेवतोय आम्ही टिरिकांची."

असे किती उन्हाळे झाले, ते मी सांगत नाही. रिकाम्या आभाळाखाली काठ्या उंच धरून माणसांची ओळ त्या वाटेवरून जाई. काही हसत, काही गप्प होत. ऑस्ला पुढे. तिचा खांदा दुखू लागला, मग हात वर होईना. शेवटच्या वर्षी लाउरी शेजारी चालत तिच्या कोपराखाली आपला तळहात धरी, म्हणजे मी उंच राहावी.

ती बेट सोडून निघाली त्या दिवशी लाउरी म्हणाला, "काठी बरोबर घे. तिथे खोलीत कोपऱ्यात ठेव. तुझीच आहे."

"नको रे. ते आले तर मारायला काय उरेल त्यांना?" तिने मला पुन्हा त्याच जागी रोवले. दोराशिवाय. अंगठ्याने माझे डोके चाचपले, सगळ्या जुन्या खड्ड्यांवरून हळू फिरवला. मग लाउरीला म्हणाली, "दर मे महिन्यात येऊन बघशील? ताजी टोच फिकट दिसते. दिसली तर मला येऊन सांग. नाही दिसली तरी सांग. उगाच बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

ती लेरविक शहरात म्हाताऱ्यांच्या निवासात राहू लागली. लाउरी दर मे महिन्यात येई. माझ्या डोक्यावर अंगठा फिरवी, आभाळ पाही आणि परत जाई. जाऊन तिला काय सांगत असेल ते मला त्याच्या खांद्यांवरून कळे.

मागच्या वर्षी आला तेव्हा तो बराच वेळ माझ्याजवळ बसला. "तिला उठता येत नाही आता," तो म्हणाला. मला म्हणाला की समुद्राला, ठाऊक नाही. "मी दारात गेलो की माझ्या तोंडाकडे बघते. विचारत नाही. नुसती बघते."

मग त्याने खिशातून चाकू काढला. कोळ्यांच्या खिशात असतो तसा, लहान पात्याचा. माझ्या बुचावर त्याने पात्याचे टोक टेकवले. थोडेसे दाबले असते तर फिकट पिवळी खूण उमटली असती, अगदी टिरिकच्या चोचीएवढी. मग तो मला उपटून तिच्याकडे नेऊ शकला असता. तिने अंगठा फिरवला असता, आणि "आलास?" म्हणाली असती.

पाते माझ्यावर टेकलेलेच होते. मला वाटले, कर. मित्रांनो, खरे सांगते, त्या वेळी मला वाटले, कर, लाउरी.

त्याने चाकू मिटला. "ओळखील ती," तो पुटपुटला. "चोच कुठली आणि चाकू कुठला, तिला नाही तर कोणाला कळणार?" मग डोळे पुसून, होडीत बसून निघून गेला.

या मे महिन्यात तो आला तेव्हा त्याच्या अंगावर काळा कोट होता. हातात फडक्यात गुंडाळलेली भाकरी होती. त्याने माझे डोके चाचपले नाही. मला जमिनीतून उपटले, दोन्ही हातांनी आपल्या टकलाच्या वर उंच धरले आणि वाटेवरून धक्क्यापर्यंत चालत गेला. तिथून परत आला. पुन्हा गेला. आभाळात काही नव्हते. मग मला जागेवर रोवून, माझ्या मुळाशी बसून त्याने अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी शेजारी दगडावर ठेवली, जिथे ती बसायची.

"सांगायला कोणी राहिलं नाही आता," तो म्हणाला. "पण बघायला येत जाईन."

मित्रांनो, ही माझी कहाणी. तुमच्या आजूबाजूलाही कोणी असेल, जे जवळ गेले की टोचते, ओरडते, जा म्हणते. पक्षी असेल, जनावर असेल, घरातले एखादे म्हातारे माणूस असेल. त्याला त्रास नको म्हणून तुम्ही मायेने बाजूला व्हाल. व्हा, पण टेकाडाआड जाऊन बसू नका. अधूनमधून त्या वाटेवरून एक फेरी मारा. आवाज आला तर तो आनंदाचा आहे की हाकेचा, ते जाऊन पाहा. चार टोचा खाव्या लागल्या तर खा. हात वर ठेवा.

मी इथेच आहे. ऊन, वारा आणि मिठाने माझे अंग करडे झाले आहे, बुचाला चिरा गेल्या आहेत. उत्तरेच्या सुळक्यावर कुरव बसलेले दिसतात. रोज सकाळी समुद्राच्या रेषेवर मला पांढरे ठिपके दिसतात; जवळ आले की त्या लाटा असतात. तरी माझे डोके वरच आहे. कोणी एकाने यावे, घिरटी घालावी आणि मला एकदा मारावे. मोठ्याने विचारणारी ती आता नाही. तिच्या वतीने, मनातल्या मनात, मी विचारीन: आलास?